अंगठ्याच्या मुळाशी दुखणे. शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा कसा?

हाड काढायचे, सांधा जोडून टाकायचा की कृत्रिम सांधा बसवायचा, याचे उत्तर क्ष-किरण चित्रापेक्षा रुग्णाच्या रोजच्या कामात अधिक दडलेले असते

वरवे बुद्रुक (ता. भोर) - पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकला, की काही अंतरावर वरवे बुद्रुक लागते. रस्त्याच्या कडेला कारखाने आणि उपाहारगृहे, तर आत वळल्यावर भोर तालुक्याची खरी ओळख असलेली भाताची खाचरे. आषाढात चिखलात वाकून रोपांची लावणी, मग खुरप्याने भांगलण, दिवाळीच्या आसपास विळ्याने कापणी, दोन्ही वेळा गोठ्यात धारा आणि चुलीपुढे भाकऱ्या. या साऱ्या कामांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक काम अंगठ्यावाचून अडते.

अशा गावातील साठीच्या घरातील एखादी शेतकरी महिला उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावी. दोन वर्षांपासून तिच्या उजव्या अंगठ्याचे मूळ दुखते. आधी कपडे पिळताना कळ येई, मग विळा धरताना, आणि आता कुलपात किल्ली फिरवतानाही अंगठा साथ देत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीने दोन दिवस बरे वाटते आणि दुखणे पुन्हा येते. पुण्यात नोकरी करणारा मुलगा तिला तज्ज्ञाकडे नेतो. तेथे कळते, की सांधा झिजला आहे आणि शस्त्रक्रिया करता येईल. परंतु शस्त्रक्रिया एक नाही, अनेक प्रकारच्या आहेत. कोणती करावी, कधी करावी आणि मुळात करावी का, हे प्रश्न घेऊन मायलेक परततात.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे उदाहरण दूरचे वाटण्याचे कारण नाही. बरणीचे झाकण न उघडणे, दुचाकीची किल्ली न फिरणे, लिहिताना पेन सुटणे ही शहरी घरांतली लक्षणे त्याच आजाराची असू शकतात.

खोगिरासारखा सांधा

अंगठ्याचे पहिले लांब हाड, म्हणजे पहिली करभास्थी, मनगटातील ट्रॅपिझियम या लहानशा हाडावर टेकलेले असते. या दोन हाडांचे पृष्ठभाग एकमेकांवर घोड्याच्या खोगिरासारखे बसतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर हलतो आणि वळून करंगळीपर्यंतही पोहोचतो. माणसाच्या हाताला चिमूट आणि मूठ दोन्ही साधतात, त्या या सांध्यामुळेच.

या स्वातंत्र्याची किंमतही सांध्यालाच मोजावी लागते. सांध्याची स्वतःची ठेवण फारशी घट्ट नसते. भोवतालचे अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतात. शिवाय अंगठ्याच्या टोकाशी दिलेला जोर मुळाशी कितीतरी पटींनी वाढून पोहोचतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या यांत्रिक अभ्यासानुसार टोकाशी एक किलोच्या जोराने चिमूट धरली, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा भार येतो. घट्ट मुठीत हा भार आणखी वाढतो. वयानुसार अस्थिबंध सैल पडले, की हाड थोडे बाहेर सरकते, हाडांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. यालाच अंगठ्याच्या मुळाचा झिजेचा संधिवात म्हणतात.

अंगठ्याचे मोल कायद्यानेही मान्य केले आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील परिशिष्टात अंगठा गमावल्यास उत्पन्नक्षमतेची हानी ३० टक्के धरली होती. संपूर्ण तर्जनी गमावल्यास हाच आकडा १४ टक्के होता. दुखणाऱ्या अंगठ्यासाठी असे परिशिष्ट नाही, पण हाताने काम करणाऱ्याला त्याचा हिशेब रोज कळत असतो.

चित्रात झीज, पण दुखणे आहे का?

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रजोनिवृत्तीनंतरच्या दर चार महिलांपैकी साधारण एकीच्या क्ष-किरण चित्रात या सांध्याची झीज दिसली. परंतु झीज दिसलेल्यांपैकी प्रत्यक्षात दुखण्याची तक्रार करणाऱ्या महिला निम्म्याहूनही बऱ्याच कमी होत्या. याचा अर्थ सरळ आहे. शस्त्रक्रिया चित्रातील झिजेवर केली जात नाही, ती माणसाच्या दुखण्यावर केली जाते.

म्हणूनच आधी निदान पक्के व्हावे लागते. अंगठ्याच्या बाजूला मनगटात दुखत असेल, तर ते कंडरांच्या आवरणाला आलेल्या सुजेमुळेही असू शकते. या विकाराला डी क्वेर्वेन म्हणतात आणि त्यावरील उपचार निराळा आहे. बोटांना मुंग्या येत असतील आणि रात्री झोपमोड होत असेल, तर मनगटातील नस दबली असण्याची शक्यता असते. हे दोन्ही विकार सांध्याच्या झिजेबरोबर एकाच हातात नांदू शकतात. अनेक सांधे सुजत असतील आणि सकाळी तासभर हात आखडत असतील, तर आमवाताची तपासणी आवश्यक ठरते. करभास्थी हलकेच दाबत गोल फिरवली असता मुळाशी कळ येते व करकर जाणवते. ही साधी चाचणी आणि क्ष-किरण चित्र यांवर बहुतेक वेळा निदान होते.

झिजेचे टप्पे ठरविण्यासाठी अमेरिकी हस्तशल्यचिकित्सक ईटन आणि लिटलर यांनी १९७३ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत आजही वापरली जाते. पहिल्या पायरीत सांधा जवळजवळ निरोगी दिसतो. चौथ्या पायरीत ट्रॅपिझियमचा पलीकडचा, मनगटातील दुसऱ्या हाडाशी असलेला सांधाही झिजलेला असतो. शस्त्रक्रियेचा प्रकार निवडताना ही चौथी पायरी महत्त्वाची ठरते.

आधी बिनशस्त्रक्रियेचे उपाय

शस्त्रक्रिया हा पहिला उपाय कधीच नसतो. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, वेदनाशामक मलम, अंगठ्याभोवतीच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि कामाच्या पद्धतीत बदल यांवर काही महिने भर द्यावा, असा प्रघात आहे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि थोडक्या काळासाठी घ्याव्यात. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंडांना इजा करतात. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काहींना काही आठवडे वा महिने आराम मिळतो, परंतु तो कायमचा नसतो. म्हणून इंजेक्शनांची संख्या मर्यादित ठेवली जाते.

कामाच्या पद्धतीतील बदल हा उपाय किरकोळ समजू नये. विळ्याची व खुरप्याची मूठ कापडाने गुंडाळून जाड केली, तर चिमटीवरचा ताण कमी होतो. ओले कपडे दोन्ही हातांनी पिळण्याऐवजी नळाभोवती गुंडाळून पिळता येतात. धार काढताना अंगठा दुमडून सड दाबण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. त्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढावी, असे पशुवैद्यक जनावराच्या सडाच्या आरोग्यासाठी सांगतातच. माणसाच्या अंगठ्यालाही तीच पद्धत सोयीची. या उपायांनी अनेक रुग्ण शस्त्रक्रियेविना निभावून नेतात. काही वेळा सांधा काळाच्या ओघात आखडतो आणि दुखणे आपोआप कमी होते.

सहा महिने प्रामाणिकपणे उपाय करूनही झोप मोडत असेल, काम सुटत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो.

पर्याय पहिला : हाड काढून टाकणे

झिजलेले ट्रॅपिझियम हाड संपूर्ण काढून टाकणे हा सर्वांत जुना पर्याय होय. ब्रिटिश शल्यचिकित्सक जर्व्हिस यांनी १९४९ मध्ये त्याविषयी लिहिले. हाडच नाही, तर घासणार काय, असा हा रोकडा विचार. रिकाम्या जागेत व्रणाची ऊती तयार होते आणि तिच्यावर अंगठा टेकतो. दुखणे बहुसंख्य रुग्णांत चांगले कमी होते आणि हालचाल टिकते. अंगठा किंचित आखूड होतो आणि चिमटीचा जोर निरोगी हाताइतका होत नाही. तरीही दुखणे थांबल्यामुळे अनेकांना पूर्वीपेक्षा अधिक जोर लावता येतो.

अंगठा रिकाम्या जागेत खचेल, या धास्तीने पुढे या शस्त्रक्रियेत भर पडली. मनगट वाकवणाऱ्या एका कंडरेची पट्टी घेऊन तिने अंगठ्याचे हाड बांधून ठेवायचे आणि उरलेल्या पट्टीची गुंडाळी करून ती मोकळ्या जागेत भरायची, ही पद्धत बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ मध्ये मांडली. ती जगभर रूढ झाली. एका जागची कंडरा दुसऱ्या कामी लावण्याचे शास्त्र भारतालाही नवे नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या लुळ्या बोटांत आणि अंगठ्यांत याच मार्गाने हालचाल परत आणली होती. अलीकडे कंडरेऐवजी मजबूत धाग्याने अंगठ्याचे हाड शेजारच्या हाडाला टांगण्याची पद्धतही वापरात आली आहे.

प्रश्न असा, की या भरीने फायदा होतो का? २००४ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत महिलांच्या १८३ अंगठ्यांवर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडून शस्त्रक्रिया करण्यात आल्या. एका गटात नुसते हाड काढले, दुसऱ्यात कंडरेची गुंडाळी भरली, तिसऱ्यात कंडरेने बांधणीही केली. वर्षभरानंतर दुखणे, हालचाल आणि जोर यांत तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. दर पाच अंगठ्यांपैकी सुमारे चारांचे दुखणे चांगले कमी झाले होते. पुढे अनेक वर्षांनी तपासणी केली, तेव्हाही चित्र बदलले नाही. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या अहवालानेही कोणतीही एक शस्त्रक्रिया इतरांपेक्षा निश्चितपणे सरस ठरल्याचे सांगितले नाही.

म्हणून 'आमच्याकडे साधी नाही, आधुनिक शस्त्रक्रिया होते' या वाक्याने रुग्णाने दिपून जाऊ नये. साधी शस्त्रक्रिया म्हणजे कमी दर्जाची, असे पुरावा सांगत नाही.

पर्याय दुसरा : सांधा जोडून टाकणे

दोन्ही हाडांचे झिजलेले पृष्ठभाग खरवडून ती तारांनी किंवा पट्टी-स्क्रूने कायमची सांधून टाकणे, हा दुसरा मार्ग. सांधाच उरत नाही, त्यामुळे दुखणे जाते आणि अंगठ्याला भक्कम आधार मिळतो. पाना, हातोडा वा फावडे चालविणाऱ्या तरुण श्रमिकासाठी, विशेषतः जुन्या अस्थिभंगामुळे एकच सांधा बिघडला असल्यास, हा पर्याय परंपरेने सुचविला जातो.

त्याची किंमत हालचालीत मोजावी लागते. अंगठा तळहाताच्या पातळीत सपाट येत नाही. खिशात हात घालणे, हातमोजा चढविणे अडते. ज्या घरात रोज भाकरी थापली जाते, तेथे हा मुद्दा गौण नाही, कारण भाकरी सपाट तळहाताने थापली जाते. शिवाय ट्रॅपिझियमचा पलीकडचा सांधाही झिजला असेल, तर ही शस्त्रक्रिया उपयोगाची नाही. हाडे न जुळण्याचाही धोका असतो. नेदरलँड्समध्ये चाळिशीपुढील महिलांमध्ये सांधा जोडणे आणि हाड काढून कंडरेने बांधणे यांची तुलना करणारी चाचणी सुरू झाली होती. सांधा जोडलेल्या गटात गुंतागुंत अधिक होऊ लागल्याने ती मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तंबाखूतील निकोटिन हाड जुळण्यात अडथळा आणते, हेही येथे लक्षात घ्यावे. ग्रामीण भागात अनेक महिला तंबाखू ओढत वा खात नाहीत, पण मिश्री लावतात. 'तंबाखू घेता का', असे विचारल्यावर त्या 'नाही' म्हणतात. मिश्री हीदेखील तंबाखूच होय आणि ती शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

पर्याय तिसरा : कृत्रिम सांधा

खुब्याप्रमाणे अंगठ्याच्या मुळाशीही वाटी आणि गोळी असलेला कृत्रिम सांधा बसविता येतो. त्याची सुरुवात १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये झाली. आरंभीचे सांधे सैल होणे, निखळणे अशा तक्रारींमुळे मागे पडले. गेल्या दीड दशकात दुहेरी हालचालीची रचना असलेले नवे सांधे आले आणि युरोपात त्यांचा वापर वाढला. अंगठ्याची लांबी टिकते, प्लास्टर कमी काळ लागते आणि रुग्ण कामावर लवकर परततो, हे त्याचे गुण. ट्रॅपिझियम हाड वाटी धरण्याइतके मजबूत आणि मोठे असणे ही त्याची अट.

दोष दोन. सांधा कालांतराने सैल झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. त्या वेळी हाड काढण्याचा जुना पर्याय बहुधा हाताशी राहतो, ही जमेची बाजू. दुसरा दोष खर्चाचा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, पण तो आदेश गुडघ्यापुरता होता. नव्या साधनांबाबत सावध राहण्याचे आणखी एक कारण इतिहासात आहे. एके काळी मोठ्या आशेने बसविलेल्या सिलिकॉनच्या हाडांचे कण झिजून आसपासच्या हाडांना सूज आणू लागले आणि त्यांचा वापर ओसरला.

सुरुवातीच्या टप्प्यात

कूर्चा अजून शाबूत असेल, पण अस्थिबंध सैल होऊन सांधा दुखत असेल, तर अस्थिबंध नव्याने बांधता येतो किंवा करभास्थीचा पाचरीएवढा तुकडा काढून तिची दिशा बदलता येते. त्यामुळे भार सांध्याच्या न झिजलेल्या भागावर सरकतो. दुर्बिणीतून सांधा साफ करणे आणि सांध्याला वेदना नेणाऱ्या बारीक नसा तोडणे हेही पर्याय काही ठिकाणी दिले जातात. झीज पुढे गेल्यावर मात्र पहिल्या तीन पर्यायांतूनच निवड करावी लागते.

शेतीचे वेळापत्रक आणि हाताचे वेळापत्रक

या शस्त्रक्रिया बहुधा फक्त हात बधिर करून होतात आणि रुग्णाला लवकर घरी जाता येते. खरी परीक्षा त्यानंतर असते. हाड काढल्यानंतर साधारणपणे चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा असतो. मग काही आठवडे हाताचे व्यायाम. हलकी कामे दोन-तीन महिन्यांत जमू लागतात. जोर परत यायला सहा महिने, कधी वर्षही लागते.

हा हिशेब शेतीच्या हिशेबाशी जुळवून पाहावा लागतो. भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर मार्गशीर्षाच्या सुमारास शस्त्रक्रिया झाली, तर आषाढातील लावणीपर्यंत सहा-सात महिने मिळतात. हीच शस्त्रक्रिया वैशाखात केली, तर पहिल्या पावसाबरोबर हात चिखलात घालण्याचा मोह होतो आणि केलेले वाया जाण्याचा धोका राहतो. गोठ्यात दुभते जनावर असेल, तर दीड-दोन महिने धार कोण काढणार, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही अंगठे दुखत असले, तरी एका वेळी एकाच हाताची शस्त्रक्रिया केली जाते. दोन्ही हात एकदम बांधले, तर स्वतःच्या हाताने जेवणेही शक्य होत नाही.

गुंतागुंतीचीही कल्पना असावी. जंतुसंसर्ग, अंगठ्यामागील त्वचेची संवेदना नेणाऱ्या नसेला इजा, हात दीर्घकाळ सुजून दुखत राहणे अशा घटना थोड्या रुग्णांत घडतात. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आधी आटोक्यात आणली जाते. अंगठ्याचा मधला सांधा मागे वाकत असेल, तर त्याकडेही त्याच वेळी लक्ष द्यावे लागते. अन्यथा मुळाची शस्त्रक्रिया चांगली होऊनही चिमूट दुबळी राहते.

वरवे येथून पुण्याचे स्वारगेट सुमारे तीस किलोमीटरवर आहे. अंतर थोडे असले, तरी शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामासाठी वारंवार खेपा कराव्या लागतात आणि तेथेच अनेकांचा उत्साह संपतो. व्यायाम नीट शिकून घेऊन घरी नियमित करणे, हा त्यावर उपाय. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कोणती शस्त्रक्रिया बसते, याची चौकशी योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी.

शेवटी निर्णय रुग्णाचा असतो. मुलाने आईला तज्ज्ञाकडे न्यावे, पण तिला दिवसभरात कोणते काम सर्वांत जड जाते, हे तिलाच सांगू द्यावे. भाकरी थापायची आहे की पाना फिरवायचा आहे, यावर तिच्या अंगठ्यासाठी कोणता मार्ग योग्य हे ठरते, आणि हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

डॉक्टरांना विचारावेत असे प्रश्न

- दुखणे नक्की याच सांध्याचे आहे का? डी क्वेर्वेन किंवा नस दबण्याचा विकार सोबत आहे का?
- शस्त्रक्रियेविना आणखी काय करून पाहता येईल? थांबल्यास नुकसान होईल का?
- झीज कोणत्या पायरीवर आहे? ट्रॅपिझियमचा पलीकडचा सांधा शाबूत आहे का?
- माझ्या कामासाठी हालचाल महत्त्वाची की जोर? त्यानुसार आपण कोणता पर्याय सुचवाल आणि का?
- आपण ही शस्त्रक्रिया वर्षाला साधारण किती करता?
- हात किती आठवडे बांधलेला राहील? व्यायाम कोठे आणि किती दिवस?
- कृत्रिम सांधा बसविल्यास त्याची किंमत किती आणि तो सैल झाल्यास पुढे काय?
- एकूण खर्च किती आणि तो कोणत्या योजनेत बसतो?